चार वळसे

बाळपेटीत बारा वस्तू असायच्या. त्या दिवशी प्रयोगशाळेच्या टेबलावर मी अकरा मोजल्या. वेखंडाचा तुकडा एक, हळकुंड एक, सुंठ एक, हिरडा एक, मुरुडशेंग एक, ज्येष्ठमधाची काडी एक, मायफळ एक, जायफळ एक. भाजक्या मातीची पांढरट सहाण एक. स्टीलचा छोटा चमचा एक. छापील तक्ता एक, चार घड्या घातलेला. सुती फडकं नव्हतं.

"फडकं कुठं आहे?" मी विचारलं.

पेटी घेऊन आलेला माणूस दारातच उभा होता. चपला बाहेर काढलेल्या, दोन्ही हात मागे. "फडक्यानं त्याचं तोंड पुसलं," तो म्हणाला. "मग ते त्याच्यासंगंच गेलं."

त्याचं नाव धनाजी चौगले. कोल्हापूरच्या एका कारखान्यात तो लेथवर टर्नर होता, रविवारी तेवढा गावी यायचा. त्याचा तीन महिन्यांचा मुलगा चार दिवसांपूर्वी, तालुक्याच्या दवाखान्यात नेता नेता जीपमध्येच गेला होता. आधी जुलाब होत होते म्हणून घरात गुटीतलं जायफळ सुरू केलं. जुलाब थांबले. पण मूल झोपायला लागलं, दूध ओढेना, आणि चौथ्या दिवशी सकाळी झोपेतच उलटी होऊन ती श्वासनळीत गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घरी काय काय देत होता ते विचारलं, पेटी उघडून बघितली आणि जायफळावर बोट ठेवलं.

"डॉक्टर म्हणाले, हे किती दिलं ते केंद्रातल्या लोकांनाच कळंल. म्हणून आणलं."

आमच्या केंद्राचे प्रमुख वैद्य माईणकर खिडकीशी उभे होते. ते वळले नाहीत. "वृषाली, वजन कर," एवढंच म्हणाले.

पेट्या वाटण्याआधी प्रत्येक पेटीतली प्रत्येक वस्तू मी वजन करून नोंदवलेली होती. ते माझं मलाच लावून घेतलेलं काम होतं. वही काढली. या पेटीतलं जायफळ देताना ४.१ ग्रॅम होतं. आता काट्यावर ठेवलं, आकडे थांबेपर्यंत वाट पाहिली. १.९.

"किती दिवस दिलं?" मी धनाजीला विचारलं.

"तीन दिवस. दिवसातनं तीनदा. त्याच्या आधी जायफळ दिलंच नव्हतं. तक्त्यात लिवलंय तसंच दिलं, म्हणती पोराची आई. मी हितं नव्हतो. आई बी बहिणीकडं गेलती. घरात ती एकटीच."

तीन दिवस, दिवसातून तीन वेळा, दर वेळी चार वळसे. छत्तीस वळसे. माझ्या मोजणीप्रमाणे सहाणेवर जायफळाचा एक वळसा म्हणजे सहा मिलिग्रॅम. छत्तीस वळशांचे दोनशे सोळा. गेलं होतं बावीसशे.

"दहापट," मी सरांना म्हणाले. हळूच म्हणाले, पण खोली लहान होती.

"दहापट म्हणजे?" धनाजीनं विचारलं. "चारच्या जागी चाळीस?"

"हिशेबानं तेवढे येतात."

"काटा चुकायचा काही?"

"काटा मिलिग्रॅमपर्यंत बरोबर आहे. मागच्याच महिन्यात तपासून घेतलाय."

तो काट्यावर वाकला. "मी बी मायक्रोमीटरवर काम करतो, ताई," तो म्हणाला. "आकडा खोटं बोलत न्हाई." मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "गौरी-गणपतीच्या आधी बावीस ब्लाऊज शिवून द्यायचं कबूल केलं हुतं तिनं. आई म्हणत हुती, पोरगं झोपंल तेवढं हिला बरंच असतंय, मशिनीवर बसायला मिळतंय. मी आईला गप बस म्हटलं हुतं."

तो गेला. पेटी टेबलावरच राहिली.

याला आता अठरा वर्षं झाली. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून केंद्रात लागले त्याला चौदा महिने झाले होते. भुदरगडच्या डोंगरातलं ते छोटं केंद्र. एका बाजूला वनौषधींची बाग, दुसऱ्या बाजूला वर्कशॉप. तिथं बिनधुराच्या चुली, पाण्याचे फिल्टर, फळं वाळवायची कपाटं असलं काय काय बनायचं. बाळगुटी हे माझं काम होतं. घरोघरी बायका गुटी उगाळतातच, ती बंद करता येणार नाही आणि करायचीही नाही, पण मात्रा तरी नीट ठरवू, असं सरांचं म्हणणं होतं. गुटीचं माप म्हणजे वळसा. सहाणेवर दोन थेंब दूध घालायचं आणि मुळी गोल फिरवायची. कुणी वेखंडाचा एक वळसा देई, कुणी पाच. मी आठ वस्तूंचे वळसे मोजले, वाळवले, वजन केले, वयाप्रमाणे तक्ता बसवला. नेहमीच्या गुटीत जायफळाचा अर्धा वळसा. जुलाब असतील तर चार, दिवसातून तीनदा. तक्त्याखाली 'संशोधन' म्हणून माझं नाव छापलं होतं. त्याची एक प्रत मी आईला पाठवली होती.

पेट्या वाटायच्या आधी तळेवाडीच्या अंगणवाडीत मी बायकांना तासभर शिकवलं. धनाजीची आई आक्काताई भिंतीला टेकून बसली होती. तिनं पहिल्या पाच मिनिटांतच तोंड उघडलं.

"पोरी, तुझं लगीन झालंय का?"

"नाही."

"मंग बाळ न्हाई, बाळंतपण न्हाई, आन गुटी शिकवायला आलीस व्हय?"

बायका हसल्या. मीही हसले. "मी वजन करून आलेय, आक्का."

"गुटीचं वजन? आता शेणीचं बी कर." पुन्हा हशा झाला. "अगं, वळसं कोन मोजतंय? सहाणंवर रंग बघायचा. बोटावर घ्यायचं, आपल्या जिभंला लावायचं. जास्त झालं तर जीभच सांगती."

"प्रत्येकीची जीभ वेगळी असते," मी म्हणाले. मला ते वाक्य फार आवडलं होतं. "वळसा मात्र सगळ्यांचा एकच. म्हणून आजपासून चाखायचं नाही, रंग बघून अंदाज करायचा नाही. मोजायचं. आणि घरातली जुनी सहाण वापरायची नाही. तिच्यावर चंदन होतं, हळद होते, सगळंच होतं. पेटीतली सहाण उकळत्या पाण्यात टाकता येते. तीच वापरा. सांगा, जुलाबाला जायफळ किती?"

"चार!" शाळेतल्या पोरींसारख्या त्या ओरडल्या.

पुढच्याच रांगेत आक्काताईची सून पद्मल बसली होती. मांडीवर दोन महिन्यांचं मूल. तिनं हात वर केला. "ताई, वळसा म्हणजे पुरा गोल की अर्धा?"

त्या दिवसातला तो सगळ्यात चांगला प्रश्न होता. मी तो वहीत लिहून घेतला. पुरा गोल, असं सांगितलं.

धनाजी पेटी देऊन गेला त्याला आठवडा झाला, तेव्हा सरांनी मला खोलीत बोलावलं. त्यांच्यापुढे टाईप केलेला एक कागद होता.

"पद्मलला चौगल्यांनी माहेरी पाठवलंय," ते म्हणाले. "कायमची, असं ऐकतो. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केलीय. काल हवालदार विचारून गेला, पेटी तुमचीच ना. तू जाऊन तिची यावर सही घेऊन ये."

कागदावर पद्मलचं नाव होतं आणि खाली एकच वाक्य. तक्त्यात दिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त मात्रा माझ्या हातून अजाणता दिली गेली.

"अजाणता लिहिलंय," सर म्हणाले. "तिला काही होणार नाही. पण एकशे चाळीस घरांत पेट्या गेल्यात. उद्या लोक म्हणतील, केंद्राच्या औषधानं मूल गेलं. मग लसीला बोलावलं तरी कुणी येणार नाही."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं, आणि मलाही. मी पेटी पिशवीत घातली. झिजलेलं जायफळ आणि वहीतला आकडा समोर ठेवला की माणूस कबूल करतो, असं मला वाटायचं.

पद्मलचं माहेर एसटीनं बारा किलोमीटर आणि पुढं मळ्यातून वीस मिनिटं चालत. भाऊ शेतावर गेला होता. भावजयीनं मागच्या पडवीकडं बोट दाखवलं. पद्मल धुण्याच्या दगडाशी बसली होती, पुढ्यात काही धुणं नव्हतं. छातीवर जुन्या लुगड्याचा पट्टा घट्ट आवळून बांधला होता. तरीही पोलक्यावर दोन ओले डाग दिसत होते.

"सही घ्यायला आलाय न्हवं?" ती म्हणाली. "दादाला कळलं हुतं. कुठं करू?"

"आधी तुम्ही सांगा. किती दिलं?"

"चार वळसं."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. मोठ्यानं मोजायची मी. एक, दोन, तीन, चार. पोरगं माझ्या तोंडाकडं बघत असायचं मोजताना. तिसऱ्या दिवशी बघंना झालं."

मी वही उघडली. "पद्मल, जायफळ दोन ग्रॅमच्यावर कमी झालंय. छत्तीस वळशांनी इतकं झिजत नाही. मी मोजलंय."

"मग कुणी खाल्लं?"

मी वहीतला आकडा पुन्हा वाचला.

"ब्लाऊजसाठी झोपवलं म्हणत्यात," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "व्हय, शिवत हुते मी. ते झोपलेलं बघून मला बरं बी वाटलं. खोटं कशाला बोलू? दोन दिस जुलाबानं कळवळत हुतं. झोपलं तर वाटलं, गुण आला. तक्त्यात लिवलं हुतं, जुलाब थांबंपर्यंत द्या. थांबलं की बंद केलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी..." मग माझ्या पिशवीकडे बघून म्हणाली, "दावू काय तुम्हाला? कसं उगाळलं ते? मग करते सही."

मी पेटीतली सहाण आणि जायफळ तिच्या हातात दिलं. भावजयीनं वाटीत पाणी आणलं. पद्मलनं दोन थेंब सोडले, जायफळ चिमटीत धरलं आणि गोल फिरवलं. सावकाश, जोर न लावता. एक, दोन, तीन, चार. हात उचलला.

जायफळाचे चार वळसे मी प्रयोगशाळेत एकशे वीस वेळा बघितले होते. पातळ, फिक्या चहासारखा ओला डाग. तो गोळा करायला कुंचला लागायचा. हा डाग नव्हता. तपकिरी, दाट गंध होतं, चंदन उगाळल्यासारखं, कडेला साचलेलं.

"परत करा," मी म्हणाले. सहाण धुतली, पुसली, दिली.

एक, दोन, तीन, चार. तेवढंच.

मी सहाणेच्या कोऱ्या बाजूवर नख ओढलं. नखाची पांढरी भुकटी मागं राहिली.

"वहिनी, तुमच्या घरातली सहाण आहे का?"

ती देव्हाऱ्याजवळून काळी सहाण घेऊन आली. मध्ये झिजून खोलगट झालेली, हाताला गुळगुळीत लागणारी. पद्मलनं तिच्यावर त्याच जायफळाचे चार वळसे दिले. दगडावर नुसती ओल दिसली, आणि किंचितसा रंग.

दोन्ही सहाणा शेजारी ठेवल्या होत्या. पद्मलनं बोटानं एकीवरचं पुसून बघितलं, मग दुसरीवरचं.

"हिच्यावर एवढुसंच येतंय?" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "ताई, मी तर मोजलं हुतं."

मी कागदाची घडी घालून परत पिशवीत ठेवला.

केंद्रात आले ती थेट वर्कशॉपमध्ये. गुंडू मिस्त्री फिल्टरच्या कांड्या भट्टीतून काढत होता. पेट्यांतल्या सगळ्या सहाणा त्यानंच बनवलेल्या.

"मिस्त्री, सहाण इतकी खरखरीत कशी झाली?"

"झाली न्हाई, मॅडम, केलीया." त्याला ते कौतुक वाटलं. "मातीत विटंची भुकटी घातली जरा. सरांनी सांगितलं हुतं, बाळंतिणीचं मनगट दुखतंय, तिला फार घासाय लागू नये. का? कमी पडती काय?"

तेव्हा मला माझ्या वहीतली ओळ आठवली. उन्हाळ्यात मी वळसे मोजले तेव्हा नव्या सहाणा तयार नव्हत्या. पहिली भट्टी तडकली होती. तक्ता छपाईला द्यायची तारीख ठरलेली होती. म्हणून सरांच्या आईची जुनी सहाण आणली आणि सगळ्या मोजण्या, जायफळाच्या एकशे वीस धरून, तिच्यावरच केल्या. वहीत लिहिलं, 'नवीन सहाणेवर पुन्हा मोजणे', आणि खाली रेघ मारली. पुढे सहाणा आल्या. त्या मी मोजून घेतल्या, उकळून बघितल्या, तडा जातो का पाहिलं. पेट्या भरल्या, प्रत्येक जायफळाचं वजन लिहिलं. ती एक ओळ तशीच राहिली.

सरांना मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसले.

"किती सहाणा बाहेर आहेत?"

"हिच्याशिवाय एकशे एकोणचाळीस."

त्यांनी तिथूनच गुंडूला हाक मारली, जीपची किल्ली दिली, दोन कार्यकर्त्या बरोबर दिल्या आणि वाड्या नेमून दिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकशे सव्वीस सहाणा गोण्यांतून परत आल्या, त्याच्या पुढच्या दिवशी उरलेल्या तेरा. दोन घरांत मुलं जास्त झोपतायत असं कळलं. त्यांना सरांनी स्वतः दवाखान्यात नेलं. ती दोन्ही वाचली. या सगळ्यात त्यांनी एक क्षण घालवला नाही, हे सांगायला हवं.

चौगल्यांना हे सांगायचा विषय मी काढला तेव्हा मात्र ते म्हणाले, "आता काही नको. सहाणा परत आल्या, धोका संपला. मूल काही परत येणार नाही."

"पद्मल सासरी परत जाईल, सर."

"तक्त्याखाली नाव कुणाचं आहे?"

"माझं."

"मोजणी कुणाची?"

"माझीच."

"मग हवालदार पुढच्या वेळी कुणाकडे येईल, त्याचा विचार कर. चार दिवस घे."

मी चार दिवस घेतले नाहीत. संध्याकाळी पोस्टाजवळच्या फोनवरून धनाजीच्या कारखान्यात फोन लावला. तो येईपर्यंत पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता.

"आता काय वजन करायचं राहिलंय?" त्यानं विचारलं.

"माझं मोजमाप चुकलंय असं मला वाटतं. तुमच्यासमोर पुन्हा करते. आईंना घेऊन या. पद्मलला मी बोलावलंय."

"तुम्हीच म्हणला, काटा बरोबर हाय."

"काटा बरोबर आहे. मी चुकले असेन."

मग तो म्हणाला, "रविवारी सुट्टी असती."

रविवारी दहा वाजता ते आले. आक्काताई खुर्चीवर बसली, पदर पुढं ओढून. पद्मल आधीच भावाबरोबर आली होती, कोपऱ्यात उभी होती. भाऊ बाहेर ओसरीवर थांबला. कुणी कुणाकडे बघितलं नाही. सर येतील असं मला वाटलं नव्हतं. ते आले आणि दाराला पाठ लावून उभे राहिले.

मी सांगितलं, "ही जुनी सहाण. तक्ता हिच्यावर केला. ही पेटीतली, बाळासाठी वापरलेली. जायफळ एकच, हात एकच, वळसे चार. खरवडून जे निघेल ते या दोन बश्यांत घेऊन वाळवायचं आणि वजन करायचं. काही विचारायचं असेल तर आत्ताच विचारा."

"तिचाच हात कशाला?" आक्काताई म्हणाली. "आज ती हळूच घासंल."

"म्हणूनच दोन्हींवर तिनंच घासायचं. हळू घासलं तर दोन्हीकडं हळू होईल."

धनाजीनं मान हलवली. त्याला ते पटलं.

टेबल उंच पडत होतं, म्हणून पद्मल जमिनीवर बसली. जुन्या सहाणेवर दोन थेंब पाणी. एक, दोन, तीन, चार. मी गंध कुंचल्यानं पहिल्या बशीत धुऊन घेतलं. मग दुसरी सहाण. तिनं ती मांडीशी ओढली, जायफळ धरलं आणि थांबली. मग तिनं सुरू केलं. ती मोठ्यानं मोजत होती. तीनला आक्काताईनं तोंड भिंतीकडं केलं. चारला पद्मलचा हात बरोबर थांबला.

बश्या सुकवायच्या पेटीत ठेवल्या. दोन तास लागणार होते. मी चहा करते म्हणाले, तो कुणालाच नको होता.

धनाजीनं पेटीतली सहाण उचलली. उजेडात तिरकी धरून बघितली, मग अंगठ्याचं नख तिच्यावरून नेलं. "ह्याचं फिनिश कुणी तपासलं?"

"कुणी नाही."

"आमच्यात असला पीस स्टोअरमधनं बाहेर पडत न्हाई." त्यानं खिशातून तक्ता काढला. पेटीतला नव्हे, दुसऱ्या कुणाच्या तरी घरातला, तेलाचे डाग पडलेला. "कुठल्या दगडावर, ते ह्यात कुठं लिवलं न्हाई."

"नाही. मी लिहायला हवं होतं."

"मी हिला रंग बघ म्हनलं हुतं," आक्काताई भिंतीकडं बघूनच म्हणाली. "ल्योकीकडं जाताना बी म्हनलं हुतं."

"म्हनला हुता, आत्ती," पद्मल म्हणाली. सासूशी त्या दिवसातलं ते तिचं पहिलंच बोलणं. "ताईंनी नको म्हटलं हुतं."

आक्काताई वळली. तिनं सुनेकडं नाही, माझ्याकडं बघितलं. "आन मग वजन करून तूच हिला चोर ठरवलीस."

"हो," मी म्हणाले.

"ह्यो गडी घरी येऊन सांगतोय, चाळीस वळसं दिलं तुझ्या सुनंनं. आकडा हाय म्हनं. मी तिची पेटी अंगणात टाकली. कपड्याची. समद्या आळीनं बघितली." तिनं पदराचा बोळा तोंडावर धरला.

सर दारातून म्हणाले, "अजून वजन व्हायचंय, आक्का. आपण थांबू."

"थांबलोयच की," धनाजी म्हणाला.

सव्वाबारा वाजता मी बश्या बाहेर काढल्या. गरम बशी काट्यावर ठेवली तर वजन चुकतं, म्हणून काचेच्या बंद भांड्यात दहा मिनिटं गार होऊ दिल्या. धनाजी शेजारी येऊन उभा राहिला. रिकाम्या बश्यांची वजनं मी सकाळीच सगळ्यांसमोर फळ्यावर लिहिली होती, ती त्यानं पुन्हा वाचून घेतली. पद्मल उठली नाही. ती जमिनीवरच बसून होती, हात मांडीत.

पहिली बशी ठेवली. आकडे हलले, थांबले. मी आकडा वाचला, धनाजीनं वाचला, मी फळ्यावर वजाबाकी मांडली. दुसरी ठेवली. या वेळी वजाबाकी त्यानं केली, खडू माझ्या हातातून घेऊन. मग तो बाजूला झाला, आणि पद्मलला ऐकू जाईल अशा आवाजात मी दोन्ही आकडे वाचले.

जुनी सहाण, चार वळसे : तेवीस मिलिग्रॅम.

पेटीतली सहाण, चार वळसे : दोनशे एकेचाळीस मिलिग्रॅम.